जुनी पेजमेकर फाईल उघडते आहे तोवर: मराठी प्रकाशकांना खुले पत्र

सर्व मराठी प्रकाशक, दिवाळी अंकांचे संपादक आणि साहित्यसंस्थांचे प्रकाशन पाहणारे कार्यवाह यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या कपाटातल्या सीडींवर आणि डीटीपी (संगणकावर अक्षरजुळणी) करून देणाऱ्यांच्या जुन्या संगणकांवर मराठी पुस्तकांची फार मोठी संपत्ती पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या फाईलींत पडून आहे. यातल्या बहुतेक फाईली खराब झालेल्या नाहीत. पण फाईल उघडणारे सॉफ्टवेअर, ते चालवणारी विंडोज, अक्षरे दाखवणारा फॉन्ट आणि त्या फॉन्टच्या पॅकेजचे डोंगल (परवान्यासाठी संगणकाला जोडावे लागणारे छोटे यंत्र) या चार गोष्टी एकाच संगणकावर जमवणे दिवसेंदिवस अवघड होते आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि ठिकठिकाणी जुनी यंत्रे भंगारात निघू लागली. म्हणून कळकळीची विनंती आहे की तो संगणक देऊन टाकण्याआधी त्यातली पुस्तके बाहेर काढून घ्या. कशी काढायची, ते या पत्रात सविस्तर लिहिले आहे.

लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे पुस्तकाचे हक्क चालतात. पेजमेकर १९८५ साली आले, त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ची, आणि २००४मध्ये ॲडोबीने त्याचा विकास थांबवला. म्हणजे सॉफ्टवेअरचे सगळे आयुष्य १९ वर्षांचे होते. पुस्तकाची पुनर्मुद्रणे त्याच्या तिप्पट काळ होत राहणार आहेत. ‘फाईल आमच्याकडे आहे’ एवढ्यावर त्यामुळे भागत नाही. ती फाईल आज कशात उघडते, हे माहीत असायला हवे.

आवृत्त्यांची साखळी अशी आहे. पेजमेकर ५च्या फाईलीचे विस्तारनाम पीएम५, ६चे पीएम६, ६.५चे पी६५ आणि ७चे पीएमडी. नवी आवृत्ती जुनी फाईल उघडते, पण सेव्ह करताना ती नव्या रूपात ठेवते. मग ती मागच्या आवृत्तीत उघडत नाही. ७मधून ६.५ची प्रत काढता येते, ती मात्र ‘सेव्ह ॲज’मध्ये जाऊन आपण निवडावी लागते. ॲडोबीच्याच इनडिझाईन या पानजुळणीच्या नव्या सॉफ्टवेअरने सीएस६पर्यंत, म्हणजे २०१२च्या आवृत्तीपर्यंत, पेजमेकर ६.० आणि त्यापुढच्या फाईली उघडण्याची सोय ठेवली होती. २०१३मध्ये सीसी आवृत्ती आली आणि ती सोय गेली. आज सदस्यत्वावर घेतलेल्या नव्या इनडिझाईनमध्ये पीएमडी फाईल टाकली तर ती उघडणार नाही आणि त्यात फाईलचा काही दोष नसेल. त्यामुळे पेजमेकर ५ची फाईल आजच्या इनडिझाईनमध्ये आणायची तर आधी ती ६.५ किंवा ७मध्ये उघडून सेव्ह करायची, मग इनडिझाईन सीएस६मध्ये उघडायची, तिथून आयडीएमएल (इनडिझाईनच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत उघडणारी फाईल) काढायची आणि ती नव्या आवृत्तीत न्यायची. या शिडीची मधली पायरी, म्हणजे सीएस६ चालू असलेला संगणक, आता पेजमेकरच्या संगणकाइतकाच मोलाचा झाला आहे. तो कोणाकडे आहे याची चौकशी आजच करा.

आपल्याकडे २००४नंतरही पेजमेकर कितीतरी वर्षे चालले, याचे कारण आळस नव्हे. पेजमेकर एका अक्षराला एकच बाइट देते, म्हणजे एकूण २५६ जागा. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी, आकृती या फॉन्टच्या कर्त्यांनी मराठीची सगळी जोडाक्षरे, काने, वेलांट्या, रफार त्याच २५६ जागांत हुशारीने बसवले. टंकणाऱ्यांचे हात त्या कळफलकांवर बसले. इनडिझाईनमध्ये युनिकोड मराठी, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या एकाच संकेतातली मराठी, नीट जुळवण्याची अधिकृत सोय सीएस६ येईपर्यंत आलीच नव्हती. त्याआधी युनिकोड मजकूर टाकला की वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसे आणि जोडाक्षरे हलन्त दाखवत सुटी होत. लोकांनी चालत्या गाडीवर काम केले, ते योग्यच होते. पण त्यामुळे आपल्या फाईलींवर जुनेपणाचे दोन थर चढले, एक सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आणि दुसरा फॉन्टच्या मांडणीचा. वरचा थर काढून दुसरा तसाच ठेवला तर मिळतो तो पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ.

आता प्रत्यक्ष काम. पेजमेकर सुरू करण्याआधी पुस्तकाच्या संपूर्ण फोल्डरची प्रत हार्डडिस्कवर घ्या. सीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून थेट उघडू नका. मूळ फोल्डर ‘रीड ओन्ली’ करून बाजूला ठेवा आणि सगळे उद्योग प्रतीवर करा. शक्य असेल तर क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने जुन्या संगणकाच्या अख्ख्या डिस्कची प्रतिमा घ्या, कारण कोणता फॉन्ट कुठल्या कोपऱ्यात होता हे नंतर आठवत नाही. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले सगळे फॉन्ट घ्याच, शिवाय भाषेच्या पॅकेजचा स्वतःचा फोल्डरही घ्या. फॉन्ट टाईप १ या जुन्या पोस्टस्क्रिप्ट जातीचा असेल तर त्याच्या पीएफबी आणि पीएफएम अशा दोन फाईली असतात, दोन्ही लागतात. टाईप १ फॉन्टचा आधार ॲडोबीने आपल्या नव्या सॉफ्टवेअरमधून जानेवारी २०२३मध्ये काढला. ते फॉन्ट वापरलेले पुस्तक नव्या इनडिझाईनमध्ये नेले तर फॉन्ट ‘सापडत नाही’ असाच निरोप येईल, मग तो संगणकावर असला तरी.

पेजमेकरमध्ये फाईल उघडताना एखादा फॉन्ट नसेल तर पॅनोस फॉन्ट मॅचिंगची चौकट येते. डावीकडे हरवलेल्या फॉन्टचे नाव असते, त्यासमोर पेजमेकरने सुचवलेला बदली फॉन्ट, आणि खाली दोन पर्याय, ‘टेंपररी’ आणि ‘पर्मनंट’. इथे ‘पर्मनंट’ निवडून सेव्ह केले की हरवलेल्या फॉन्टचे नाव फाईलमधून कायमचे पुसले जाते. त्यानंतर तो मजकूर आयएसएमच्या सुरेख फॉन्टमध्ये होता की श्रीलिपीच्या कुठल्या क्रमांकाच्या फॉन्टमध्ये, हे कळायचा मार्ग उरत नाही आणि रूपांतर जवळजवळ अशक्य होते. म्हणून ‘टेंपररी’च ठेवा, हरवलेली नावे कागदावर लिहून घ्या, फाईल सेव्ह न करता बंद करा, फॉन्ट मिळवा आणि मगच पुन्हा उघडा. या एका चौकटीवर घाईने टिचकी मारल्यामुळे चांगल्या फाईली वाया जातात.

चित्रांचेही असेच. पेजमेकर २५६ किलोबाइटपेक्षा मोठे चित्र घेताना ते फाईलमध्ये ठेवू का म्हणून विचारते. टंकणाऱ्याने ‘नो’ म्हटले असेल तर चित्र फाईलमध्ये नाहीच, फक्त त्याचा पत्ता आहे. फाईल मेनूतला लिंक्स मॅनेजर उघडा आणि प्रत्येक ओळीसमोर तुटल्याची खूण आहे का पाहा. मग ‘सेव्ह ॲज’ करताना ‘ऑल लिंक्ड फाइल्स’ हा पर्याय घ्या, म्हणजे सगळी चित्रे त्याच फोल्डरमध्ये येऊन बसतात.

आता लगेच पीडीएफ काढा, बाकी काही करण्याआधी. त्या क्षणी पडद्यावर दिसणारे पान हीच मूळ जुळणीची साक्ष आहे आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर तिच्याशी ताडून पाहायचे आहे. डिस्टिलर (पीडीएफ बनवणारे ॲडोबीचे सॉफ्टवेअर) नसेल तरी चालते. प्रिंटच्या चौकटीत पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठी पानाचे वर्णन करणारी भाषा) वापरणारा प्रिंटर निवडा, ‘ऑप्शन्स’मध्ये ‘राइट पोस्टस्क्रिप्ट टू फाइल’वर खूण करा, फॉन्ट डाउनलोड करण्याचा पर्याय पोस्टस्क्रिप्ट आणि ट्रूटाईप दोन्हींसाठी चालू ठेवा, आणि तयार झालेली फाईल नव्या संगणकावर घोस्टस्क्रिप्ट या मोफत साधनाने पीडीएफमध्ये बदला. पीडीएफ उघडून गुणधर्मांतली फॉन्टची यादी तपासा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’, म्हणजे फॉन्ट फाईलीतच सामावलेला आहे, असे हवे. काही फॉन्टमध्ये कर्त्याने एम्बेड करण्यास मनाई करणारी खूण घातलेली असते. तसा फॉन्ट असेल तर पीडीएफ तयार होते, पण दुसऱ्या संगणकावर तिच्यातली पाने वाचता येत नाहीत. छापील पुस्तक हाताशी असेल तर प्रत्येक फॉर्म्याच्या (एकत्र छापलेल्या १६ पानांच्या गठ्ठ्याच्या) शेवटच्या पानाची शेवटची ओळ ताडून पाहा. १६ पानांत एक ओळ जरी सरकली असेल तरी ती तिथे सापडते.

पीडीएफ झाली म्हणजे पुस्तक पुन्हा छापता येईल. पण त्यातला मजकूर शोधता येणार नाही, दुरुस्त करता येणार नाही, त्याचे ई-बुक होणार नाही. त्यासाठी मजकूर वेगळा काढावा लागतो. पेजमेकरमध्ये मजकूर ‘स्टोरी’गणिक, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या चौकटींच्या सलग तुकड्यांत, असतो. टेक्स्ट टूल मजकुरात ठेवून फाईल मेनूतून ‘एक्स्पोर्ट’ केले की तेवढी एकच स्टोरी बाहेर पडते. पेजमेकरला तळटिपांची स्वतःची सोय नव्हती, त्यामुळे तळटिपा बहुधा सुट्या चौकटींत टाकलेल्या असतात आणि मुख्य स्टोरीबरोबर येत नाहीत. त्या एकेक करून काढायच्या. एक्स्पोर्ट करताना ‘टेक्स्ट ओन्ली’ कधीही घेऊ नका, फॉन्टचे नाव सांभाळणारी आरटीएफ फाईल घ्या. साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टचे नाव गळून पडते. मग मजकुरात मध्येच आलेले ‘युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’ हे रोमन लिपीतले शब्द आणि त्यांच्या आजूबाजूचे मराठी शब्द यांतला फरक संगणकाला कळत नाही. तो इंग्रजी शब्दांचेही ‘मराठी’ करून टाकतो आणि वाचणाऱ्याला तिथे मुळात काय होते याचा अंदाजही बांधता येत नाही.

ती आरटीएफ फाईल वर्डमध्ये उघडून हात लावण्याआधी ऑटोकरेक्ट पूर्ण बंद करा. कृतिदेवमध्ये इंग्रजी लहान ‘डी’ म्हणजे पूर्ण क आणि मोठा ‘डी’ म्हणजे अर्धा क्. वाक्याचे पहिले अक्षर वर्डने आपण होऊन मोठे केले की ‘कमळ’चे ‘क्मळ’ होते. ‘भाषा’तल्या षची पहिली अर्धी बाजू कृतिदेवमध्ये सरळ दुहेरी अवतरणचिन्हाच्या जागी बसवलेली आहे. वर्डने ते चिन्ह गोलाकार केले की तिथे भलतेच काही उमटते. पेजमेकरमध्ये मजकूर आत घेताना ‘कन्व्हर्ट कोट्स’ हा पर्याय चालू राहिला तरी हेच होते.

रूपांतरासाठी फॉन्टचे घराणे माहीत असून पुरत नाही, नेमके नाव लागते. आयएसएमचा सुरेख डीव्ही-टीटी, डीव्हीबी-टीटी आणि डीव्हीबीडब्ल्यू-टीटी अशा रूपांत मिळतो. डोळ्यांना अक्षर एकच दिसते, पण आतली मांडणी वेगळी असते. डीव्हीबी हा द्विभाषी असल्याने त्यात खालच्या १२८ जागा इंग्रजीसाठी राखलेल्या असतात. एकाचा तक्ता, म्हणजे कोणत्या जागी कोणते अक्षर आहे याची रूपांतरासाठीची यादी, दुसऱ्याला लावला तर सगळे पान बिघडते. तेव्हा लगेच लक्षात तरी येते. धोका आहे तो नव्वद ओळी बरोबर आणि एक चूक अशा रूपांतराचा.

या चुका कुठे लपतात ते ठाऊक आहे, म्हणून सांगतो. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे. रूपांतर करणाऱ्या साधनाला जोडाक्षर कुठे संपते हे कळले नाही की ‘स्थिती’ची ‘स्िथती’ होते. रफार आणि अनुस्वार एकत्र असलेली खूण जुन्या फॉन्टमध्ये स्वतंत्र जागी असते आणि तक्त्यातून बरेचदा सुटते. ‘सर्वांनी’, ‘मूर्तींचे’, ‘कर्त्यांना’ हे शब्द मुद्दाम शोधा. टंकताना ‘अ’ला काना लावून ‘आ’ केलेला असतो, त्यामुळे रूपांतरानंतर ‘आ’च्या जागी ‘अा’ उरतो. दिसायला जवळजवळ सारखा, पण संगणकासाठी ती दोन चिन्हे आहेत. ‘आई’ शोधले तर ‘अाई’ सापडणार नाही. तसेच ‘अो’, ‘अौ’, ‘एे’, आणि काना व मात्रा वेगळे पडलेला ‘ाे’. हे पाच तुकडे शोधून बदलायचे काम पाच मिनिटांचे आहे, आणि ते न केल्यामुळे संकेतस्थळांवर टाकलेली कितीतरी मराठी पुस्तके शोधात येत नाहीत. ‘दुःख’मधला विसर्ग अपूर्णविरामाच्या चिन्हाने टंकलेला असतो, तोही बदला.

सगळ्यांत नाजूक जागा ‘ऱ्या’ची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या. ‘आचार्यांना’ बोलावले म्हणजे पंडितांना बोलावले, ‘आचाऱ्यांना’ बोलावले म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. हिंदीसाठी बनवलेला तक्ता दोन्हींसाठी रफारच देतो आणि शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर गप्प राहते, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. इथे माणसाचे डोळेच लागतात. शिवाय हा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पानावर फरक दिसत नाही, शोधात दिसतो. पहिली तऱ्हा धरा आणि सगळे पुस्तक तिच्यात आणा. ‘ॲ’चेही असेच आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८च्या ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी लोक ‘अ’वर अर्धचंद्र देऊन काम भागवत, आणि युनिकोडची प्रमाणीकरणाची प्रक्रिया या दोन रूपांना एक मानत नाही. ‘ॲड.’, ‘ॲरिस्टॉटल’, ‘ॲनिमिया’ असे शब्द पुस्तकभर एकाच रूपात आहेत ना, हे पाहावे लागते. म्हणजे बघा, आवृत्तीचा प्रश्न फक्त फाईलीचा नाही, अक्षरांच्या संकेताचीही आवृत्ती असते.

सीएस६ कुठेच मिळाले नाही तर? लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये २०१५च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरची फाईल उघडते आणि पानजुळणीच्या स्क्रायबस या सॉफ्टवेअरच्या १.६ आवृत्तीतही तीच सोय आहे. दोन्ही मोफत आहेत. मांडणी हुबेहूब येईल अशी अपेक्षा ठेवू नका. चौकटी सरकतात, शैली गळतात. पण मजकूर आणि त्याच्या फॉन्टचे नाव हाती लागते, आणि तेवढ्यावर पुस्तक वाचवता येते. जुन्या संगणकाला व्हर्च्युअल यंत्रात, म्हणजे नव्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, बसवायचा विचार असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. १६ बिटी इन्स्टॉलर ६४ बिटी विंडोजवर चालत नाही आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटीच आहे, तेव्हा आत ३२ बिटी एक्सपी किंवा ७ घाला. यूएसबी डोंगल आतल्या विंडोजला जोडून देता येते. समांतर पोर्टचे जुने डोंगल मात्र बाजारातल्या यूएसबी केबलने चालत नाही, त्या केबली फक्त प्रिंटरपुरत्या असतात. असे डोंगल असेल तर काम मूळ यंत्रावरच उरकावे लागेल, आणि लवकर.

मुखपृष्ठे बहुतेक कोरलड्रॉ या चित्ररचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, त्याबद्दल थोडक्यात. सीडीआर फाईलीची आतली रचना २००८च्या एक्स४मध्ये बदलली. तेव्हापासून ती एक झिप गठ्ठा आहे. नव्या आवृत्तीची फाईल जुन्यात उघडत नाही, म्हणून सेव्ह करतानाच आवृत्ती निवडावी. छापखान्याला देताना अक्षरांचे ‘कर्व्ह’ करतात, म्हणजे अक्षरांच्या जागी त्यांच्या आकारांच्या रेषा ठेवतात, ते ठीक, पण कर्व्ह न केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवलेली नसेल तर पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत लेखकाच्या नावातली वेलांटीसुद्धा सुधारता येत नाही. लिबरऑफिस सीडीआरही उघडते. हस्तलिखितांच्या जुन्या डॉक फाईली ही मोठी काळजी नाही. त्या आजही उघडतात, फक्त फॉन्ट पाहून डॉकएक्स किंवा ओडीटी करून ठेवा.

आता आज तयार होणाऱ्या पुस्तकांविषयी, कारण तीच चूक नव्या नावाने पुन्हा होते आहे. इनडिझाईनची आयएनडीडी फाईल नव्या आवृत्तीत उघडली की शीर्षपट्टीत ‘कन्व्हर्टेड’ असे येते. ती त्याच नावाने सेव्ह केली की मागच्या आवृत्तीचा रस्ता बंद. अंकाचे निम्मे काम पुण्यात एका आवृत्तीवर आणि निम्मे कोल्हापुरात दुसऱ्या आवृत्तीवर चालले असेल तर दिवाळीच्या तोंडावर नेमके हेच आडवे येते. कामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकच आवृत्ती ठरवावी आणि अंक छापून होईपर्यंत अपडेट बंद ठेवावे. वेगळ्या आवृत्तीकडे पाठवायचे तर आयडीएमएल पाठवावी. ती सीएस४ आणि त्यापुढच्या कुठल्याही आवृत्तीत उघडते, स्क्रायबस आणि ॲफिनिटी पब्लिशरही ती वाचतात, आणि ती आतून साध्या एक्सएमएलचा झिप गठ्ठा असल्याने उद्या इनडिझाईनच राहिले नाही तरी मजकूर सोडवता येईल.

पण आयडीएमएल उघडताना मजकुराची जुळणी नव्याने होते, हे विसरू नका. शेपिंगचे (जोडाक्षरे आणि वेलांट्या जागेवर बसवण्याचे) इंजिन आवृत्तीगणिक बदलले आहे, परिच्छेदाच्या ओळी जुळवणारा कंपोझर ‘वर्ल्ड-रेडी’ नसेल तर मराठी फुटते, आणि मजकुराची भाषा मराठीऐवजी हिंदी राहिली तर दोन्ही वळणे असलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. ३०० पानांच्या ग्रंथात एका परिच्छेदाची एक ओळ वाढली की मागची सूची चुकते. म्हणून आयडीएमएलसोबत पीडीएफ हवीच, आणि उघडल्यावर दोन्ही पानोपानी ताडायच्या. आयडीएमएलमध्ये लिंक केलेली चित्रे आणि फॉन्ट नसतात. त्यासाठी फाईल मेनूतले ‘पॅकेज’ वापरा आणि त्यातल्या आयडीएमएल व पीडीएफ या दोन्ही चौकोनांवर खूण करा. ॲडोबीच्या सेवेतून घेतलेले फॉन्ट पॅकेजमध्ये येत नाहीत. शक्य तिथे मुक्त परवान्याचे फॉन्ट वापरा, जसे मुक्ता किंवा टिरो देवनागरी मराठी. ते फाईलीबरोबर ठेवायला आणि पुढच्याला द्यायला परवान्याची आडकाठी नसते.

कायमच्या साठवणीसाठी पीडीएफ/ए-३ हा २०१२ सालचा आंतरराष्ट्रीय मानक प्रकार सुचवतो. त्यात सगळे फॉन्ट आत असावेच लागतात, कुलूप लावता येत नाही, आणि कुठलीही दुसरी फाईल पोटात जोडता येते. तिथेच आयडीएमएल आणि युनिकोड मजकूर जोडून ठेवा. एक सावधगिरी आहे. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ ‘यू’ दर्जाची, म्हणजे शोधण्याजोगी, असल्याचा दाखला सॉफ्टवेअर देऊ शकते, कारण प्रत्येक चिन्हाला कुठले तरी रोमन अक्षर नेमलेले असते. दाखल्यावर विसंबू नका. पीडीएफमधून एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि ती मराठीत वाचता येते का ते पाहा.

प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये एक साधी टिपण-फाईल असावी. नमुना देतो: ‘इनडिझाईन २०२४, आवृत्ती १९.४, विंडोज ११. पान ५.५ × ८.५ इंच. मजकूर टिरो देवनागरी मराठी १३ पॉइंट, ओळअंतर १८. शीर्षके मुक्ता. कंपोझर वर्ल्ड-रेडी, भाषा मराठी. मुखपृष्ठ कोरलड्रॉ, कर्व्ह न केलेली प्रत सोबत. अंतिम पीडीएफ छापखान्याला दिली ती हीच.’ एवढ्या ओळी लिहिलेल्या असल्या तर वीस वर्षांनी येणाऱ्या माणसाचे काही दिवस वाचतात. आणि फाईलीच्या नावात ‘फायनल’, ‘फायनल नवे’ असे नको, तारीख हवी: वर्ष, महिना, दिवस या क्रमाने.

शेवटची मागणी व्यवहाराची आहे. जुळणीचे पैसे प्रकाशक देतो आणि ओपन फाईल (दुरुस्त करता येणारी मूळ फाईल) जुळणी करणाऱ्याकडे राहते, ही रीत दोघांनाही अडचणीची आहे. एकाला ती कायम सांभाळत बसावे लागते आणि दुसऱ्याला ती मागताना संकोच वाटतो. कार्यादेशातच हे कलम घाला: ‘अंतिम देयकाबरोबर मूळ फाईल, आयडीएमएल, वापरलेली सर्व चित्रे, परवाना परवानगी देत असल्यास फॉन्ट आणि नसल्यास त्यांची नावे व आवृत्ती, फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ, युनिकोड मजकूर आणि टिपण-फाईल प्रकाशकाकडे सुपूर्द करावी. सुपूर्द केलेली पीडीएफ आणि मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यानंतर देयक अदा होईल.’ आणि या जास्तीच्या कामाचा मोबदला दरात धरा. फाईल नीट बांधून देणे हे कष्टाचे काम आहे, ते फुकट मागू नये.

सुरुवात ज्या पुस्तकांचे पुनर्मुद्रण येत्या दोन वर्षांत होणार आहे त्यांच्यापासून करा, मग कोश, सूची, संदर्भग्रंथ घ्या. त्यांची नव्याने टंकजुळणी करणे सर्वांत महाग पडते आणि त्यांतल्या चुका सर्वांत उशिरा सापडतात.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मराठी अक्षरजुळणी, छपाईपूर्व तयारी आणि फाईल रूपांतराचे काम करणारे काही जण